पुलावरचा शिपाई

सन १९९५मध्ये मी एक चूक केली. ती छापील आहे, म्हणून दुरुस्तीही छापूनच करायला हवी.

आमच्या गावातील एका जुन्या सैनिकाच्या पहिल्या स्मृतिदिनी घरच्यांनी सोळा पानांची स्मरणिका काढली होती. दुसरे महायुद्ध संपल्याला त्या वर्षी पन्नास वर्षे होत होती. गावात लिहिणारा म्हणून चरित्रात्मक लेखाचे काम माझ्याकडे आले. मी तेव्हा पंचविशीत होतो, बारावीच्या पुढे शिकलो नव्हतो आणि इतिहासाची आवड म्हणजेच इतिहास असे मानत होतो. 'ब्रह्मदेशच्या आघाडीवर जपान्यांशी झुंजलेला वीर' हे मथळ्याचे शब्द माझे. लेखात एक पूल होता. त्या पुलावर तुकडी कापली गेली असताना हा जवान रात्रभर एकटा उभा राहिला, असा प्रसंग मी रंगवला होता. लोकांना लेख आवडला आणि पुढे दोन सभांमध्ये तो वाचला गेला. तो प्रसंग घडलाच नव्हता.

ज्यांच्याविषयी लिहितो आहे त्यांचे नाव येथे देत नाही. घरच्यांची तशी इच्छा आहे आणि ती मला योग्य वाटते. गाव त्यांना 'मिल्ट्रीवाले बापू' म्हणत असे. मी 'बापू' एवढेच म्हणेन. नागभीडहून चांदा फोर्टकडे जाणाऱ्या जुन्या छोट्या लाइनीवरचे आमचे गाव. भोवती धानाच्या बांध्या, तळी-बोड्या, आणि त्यांच्या पलीकडे जंगल. स्टेशनच्या रस्त्यावर बापूंचे सायकलचे दुकान होते. सायकली भाड्याने देणे, पंक्चर काढणे, चाकाचा औट काढणे आणि पुढे सुटे भाग विकणे, एवढा त्यांचा धंदा. १९४६ ते १९९०च्या सुमारापर्यंत, म्हणजे सुमारे चव्वेचाळीस वर्षे, ते दुकान चालले.

पेटीतले कागद

दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद होताना दुकानाची जुनी पडवी पाडावी लागली. माळ्यावरून एक लोखंडी पेटी निघाली. बापूंच्या सूनबाईंनी मला बोलावून घेतले. पेटीत लष्करातून सुटल्याचे पुस्तक, दोन पदके आणि भाड्याच्या चार वह्या होत्या.

आधी पदकांविषयी. दोन्ही गोल, पांढऱ्या धातूची. पहिल्यावर मागील बाजूस दुतोंडी राक्षसी सापावर उभा असलेला सिंह आणि १९३९, १९४५ ही साले. हे 'वॉर मेडल'. महायुद्धाच्या काळात अठ्ठावीस दिवस सेवा केलेल्या प्रत्येक सैनिकाला ते मिळाले. दुसऱ्यावर हिंदुस्थानचा उठावाचा नकाशा होता. वर 'इंडिया', खाली '१९३९-४५'. हे 'इंडिया सर्व्हिस मेडल'. युद्धकाळात हिंदुस्थानात, आघाडीवर नसताना, किमान तीन वर्षे सेवा केलेल्यांसाठी ते होते. ब्रह्मदेशच्या मोहिमेत उतरलेल्यांना 'बर्मा स्टार' नावाचा काशाचा सहाटोकी तारा मिळत असे. तो पेटीत नव्हता.

एखादे पदक हरवूही शकते, म्हणून पुस्तक पाहिले. भरती कामठीला, जून १९४२. पलटण महार रेजिमेंटची पंचविसावी. १९४६मध्ये सुटका. देशाबाहेरील सेवेच्या रकान्यात एक आडवी रेघ.

सूनबाई शेजारी बसल्या होत्या. मी त्यांना रकाना दाखवला. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मंग भाऊजी, आमच्या मामाजीनं खोटं सांगितलं होतं का?"

या प्रश्नाने मला हा लेख लिहायला लावला. कारण बापूंनी काय सांगितले होते ते मला नीट आठवत होते. लहानपणी भाड्याची सायकल परत करायला गेलो की आम्ही पोरे त्यांना लढाईचे विचारायचो. ते पान्हा खाली न ठेवता म्हणत, "पुलावर होतो बा मी. पुलावर उभा." एवढेच. कोणता पूल, समोर कोण होते, हे त्यांनी कधी सांगितले नाही. ब्रह्मदेश आम्ही घातला. सिनेमातून जपानी आले. बापू गेल्यावर मी ते सगळे छापले. बापू खोटे बोलले नव्हते. आम्ही त्यांचे अर्धे वाक्य ऐकून उरलेले स्वतः रचले होते.

पंचविसावी पलटण

मग तो पूल कुठला? याचे उत्तर शोधायचे तर रेजिमेंटच्या इतिहासाकडे जावे लागते.

मुंबई इलाख्याच्या फौजेत महार शिपाई कंपनी सरकारच्या काळापासून होते. १८१८च्या भीमा कोरेगावच्या स्तंभावर त्यांची नावे आहेत. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी 'लढाऊ जाती'चा सिद्धांत उचलला आणि १८९०नंतरच्या पहिल्या काही वर्षांत महारांची भरती बंद झाली. याविरुद्ध पहिला आवाज उठवणारे गोपाळबाबा वलंगकर हे स्वतः पेन्शनर हवालदार होते. कोकणात राहून त्यांनी पत्रे लिहिली, अर्ज तयार केला, जातिभेदाविरुद्ध पुस्तिका काढली. बाबासाहेब आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ हेही सुभेदार. फौजेतल्या शाळेतले अक्षर आणि पेन्शनची ठरलेली रक्कम या दोन गोष्टींमुळे निवृत्त शिपाई गावगाड्याबाहेर उभा राहू शकत होता. बलुत्यावर जगणाऱ्याला ती सोय नव्हती. भरती बंद होणे म्हणजे ही वाटच बंद होणे होते.

पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७मध्ये १११वी महार पलटण उभी झाली आणि युद्ध संपताच १९२१पर्यंत मोडलीही गेली. दुसऱ्या महायुद्धात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुन्हा लावून धरला. १९४१च्या जुलैत त्यांना राष्ट्रीय संरक्षण मंडळावर घेण्यात आले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. दुसरी कामठीला, पुढे पंचविसावी बेळगावला, तिसरी नौशेऱ्याला. टोपीच्या बिल्ल्यावर सुरुवातीला कोरेगावचाच स्तंभ होता.

या पलटणींपैकी पहिली आणि तिसरी वायव्य सरहद्दीवर राहिल्या. दुसरीचा काही काळ ब्रह्मदेशच्या मोहिमेत गेला आणि युद्धानंतर ती इराकला गेली. बापूंची पंचविसावी अंतर्गत सुरक्षेच्या कामावर होती. १९४६मध्ये ती मोडण्यात आली. काही जवान इतर पलटणींत सामावले गेले, बापू घरी आले.

तेव्हाच्या हिंदुस्थानी फौजेचा आकारही लक्षात घ्यावा. १९३९मध्ये सुमारे दोन लाखांची फौज १९४५मध्ये पंचवीस लाखांच्या घरात गेली होती. त्यांतले असंख्य लोक आघाडीवर कधी गेलेच नाहीत. कोणी कोठारे राखली, कोणी लॉऱ्या चालवल्या, कोणी तारेच्या आणि रेल्वेच्या मार्गांवर पहारा दिला. १९४२च्या ऑगस्टनंतर देशभर रूळ उखडले जात होते, तारा तोडल्या जात होत्या. अंतर्गत सुरक्षा म्हणजे मुख्यतः हेच राखणे. बापूंचा पूल रेल्वेचा होता, असे मी आता मानतो. समोर जपानी नव्हते. असलेच तर आपलेच लोक असणार.

न बोलण्याचे कारण

इथे मला माझ्याच जिल्ह्याच्या इतिहासाने अडवले. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. चिमूरला मिरवणूक निघाली, गोळीबार झाला, बालाजी रायपूरकर हा कोवळा मुलगा मारला गेला आणि संतापलेल्या जमावाने सरकारी अधिकाऱ्यांना ठार केले. नंतर गावात शिरलेल्या फौजेने आणि पोलिसांनी जे अत्याचार केले, विशेषतः स्त्रियांवर, त्यांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळींनी ६३ दिवसांचे उपोषण केले. चिमूर हा आमच्याकडे आजही अभिमानाचा आणि जखमेचा शब्द आहे. त्या दिवशी बापूंच्या अंगावर सरकारचा गणवेश चढून दोन महिने झाले होते. ते चिमूरच्या आसपासही नव्हते. पण गावी परतल्यावर 'तू तेव्हा कुठे होतास?' या प्रश्नाला त्यांच्याजवळ कोणते उत्तर होते?

१९७२मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवात केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांना पेन्शन आणि ताम्रपट दिले. आमच्या गावातही सत्कार झाला. बापू त्या मंडपात मागे उभे होते, असे त्यांच्या वयाचे एक गृहस्थ सांगतात. ते स्वातंत्र्यसैनिक नव्हते आणि लष्कराचे पेन्शनरही नव्हते. शिपायाच्या पेन्शनला पंधरा वर्षांची नोकरी लागते, बापूंची चार वर्षेच झालेली. युद्धापुरते घेतलेले आणि युद्ध संपताच सोडलेले जे लाखो लोक होते, त्यांतले ते एक.

त्यांना भरती होताना इंग्रजांचे राज्य टिकवायचे होते का? तसे मानणे सोपे आहे, पण ते उलट बाजूने स्मरणिकेसारखेच होईल. पूर्व विदर्भात महार समाजाचा विणकाम हा जुना जोडधंदा होता. गिरणीच्या कापडाने तो खाल्ला. उरली कोतवालकी, मजुरी आणि जंगलातली कामे. कामठीला भरती उघडली तेव्हा गणवेश, पोटभर जेवण, पगार आणि वाचायला शिकण्याची संधी अशी चार गोष्टींची बोली होती. शिवाय बाबासाहेबांनीच भरती व्हा म्हटले होते. त्याच काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री झाले. एका बाजूला देश स्वातंत्र्यासाठी उठला होता, दुसऱ्या बाजूला बंद झालेले दार पन्नास वर्षांनी उघडत होते. विशीतल्या एका तरुणाने उघडलेल्या दारातून आत जाणे निवडले. त्याला मी आज दोष देऊ शकत नाही, आणि चिमूरच्या बालाजीला विसरूही शकत नाही. दोन्ही गोष्टी एकाच जिल्ह्यात, एकाच वर्षी घडल्या. बापू यावर बोलले नाहीत, याचे मला आता नवल वाटत नाही.

सायकलच का?

सुटताना मिळालेल्या रकमेतून बापूंनी 'डिस्पोजल'मधल्या, म्हणजे युद्धानंतर लष्कराने विकायला काढलेल्या मालातल्या, तीन जुन्या सायकली घेतल्या. हे भाड्याच्या पहिल्या वहीच्या पहिल्याच पानावर लिहिले आहे. अक्षर फौजी शाळेतले, सुटे सुटे.

दुकान टाकायचे तर चहाचे सर्वांत सोपे. भांडवल कमी आणि गिऱ्हाईक रोजचे. पण महाराच्या हातचा चहा १९४६मध्ये कोण प्याले असते? कोल्हापूरच्या गंगाराम कांबळे यांची हकिगत वाचकांना ठाऊक असेल. त्यांनी 'सत्यसुधारक' हॉटेल काढले तेव्हा चहा प्यायला खुद्द शाहू महाराज येऊन बसत, आणि आपल्याबरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही पाजत. तेव्हा कुठे ते हॉटेल चालले. आमच्या गावाला महाराज नव्हते. किराणा नाही, खानावळ नाही, दूध नाही. जे तोंडात जाते ते विकता येत नव्हते.

सायकलचे तसे नव्हते. ती विलायतेतून आलेली, तिला जात नव्हती आणि ती दुरुस्त करणारी कोणतीही बलुतेदारी गावात नव्हती. शिंप्याचे, सुताराचे, लोहाराचे काम करायला गेले असते तर कोणाच्या तरी हक्कावर पाय पडला असता. पंक्चर काढणे हा कोणाचाच हक्क नव्हता. मला वाटते, विसाव्या शतकाच्या मध्यावर छोट्या गावांत यंत्राच्या दुकानांनी जे केले त्याचा हिशेब आपण अजून मांडलेला नाही. सायकल, मोटार, रेडिओ, छापखाना हे धंदे नवे होते म्हणूनच ज्यांना जुन्या धंद्यांत जागा नव्हती त्यांना तिथे शिरता आले.

तरीही एक अडचण होती. पंक्चर शोधायला पाणी लागते. ट्यूब घमेल्यात बुडवून बुडबुडे पाहावे लागतात. स्टेशनरस्त्याची विहीर दुकानापासून चाळीस पावलांवर, पण ती बापूंसाठी नव्हती. पहिली काही वर्षे त्यांची पत्नी वस्तीवरून, पाऊण मैलावरून, डोक्यावर पाणी आणी. हे मला सूनबाईंनी सांगितले. त्यांना ते त्यांच्या सासूबाईंनी सांगितले होते. मी माझ्या लेखात यातले एक अक्षर लिहिले नव्हते. आमच्या घराला त्या विहिरीचे पाणी चालत होते, म्हणून मला तो प्रश्न सुचलाच नाही.

त्या घमेल्यात पुढे सगळ्यांचे हात गेले. मास्तर, पोस्टमन, जंगलाचा गार्ड, कोमट्याचा मुलगा, सगळेच घाईत असत आणि स्वतः ट्यूब दाबून बघत. पाणी कोणी आणले हे त्या वेळी कोणी विचारत नसे. घरी गेल्यावर कोणी हात धुतले असतील. माझ्या आजीने सायकलवर पाणी शिंपडलेले मी पाहिले आहे. मी सात-आठ वर्षांचा होतो, म्हणजे १९७८च्या सुमारास. महाडचे चवदार तळे १९२७चे. मधल्या पन्नास वर्षांत आमच्या अंगणापर्यंत काय पोचले होते आणि काय नाही, याचा हा पुरावा माझ्याच घरचा आहे.

वहीतले तीन दिवस

भाड्याच्या वह्यांत रकाने साधे आहेत. तारीख, नाव, सायकल क्रमांक, नेली, आणली, भाडे. या वह्यांवरून गावाचे अर्थकारण वाचता येते. उन्हाळ्यात तेंदूच्या हंगामात मुकादमांची नावे वाढतात. धान निघाल्यावर मंडईच्या दिवसांत, म्हणजे रात्रीच्या नाटकांच्या हंगामात, सायकली संध्याकाळी जातात आणि सकाळी परततात. पन्नाशीच्या दशकात ॲटलस, हर्क्युलस अशी देशी कारखान्यांतल्या सायकलींची नावे येऊ लागतात. १९५६पर्यंत तीनच्या अकरा सायकली झाल्या होत्या.

त्या वर्षीच्या वहीत एक पान वेगळे आहे. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि १६ ऑक्टोबरला ते चांद्याला आले. तिथला सोहळा बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने झाला. त्या आठवड्यात दुकान बंद होते, बापू आजारी होते, अशी गावातली आठवण आहे. स्मरणिकेत मीही तेच लिहिले होते. वहीत १५ ऑक्टोबरच्या तारखेखाली अकराही सायकलींचे क्रमांक ओळीने लिहिलेले आहेत. 'नेली'च्या रकान्यात 'चांदा'. 'आणली'च्या रकान्यात १७. भाड्याच्या रकान्यात शून्यही नाही, नुसती रेघ. आणि नावाच्या रकान्यात, अकरा वेळा, एकच शब्द: 'आपले'.

दुकान बंद होते हे खरेच. सायकलीच नव्हत्या तर दुकान कशाचे चालणार? एका सायकलवर दोन-दोन माणसे धरली तर वीस-बावीस माणसे त्या दोन दिवसांत वस्तीवरून चांद्याला गेली असावीत. आजारपणाची गोष्ट कोणी आणि का सांगितली, ते कळायला आता मार्ग नाही. पण गिऱ्हाइकांचा रोष नको म्हणून दुकानदार असे काही सांगतो, हे मला समजते.

लष्कराच्या पुस्तकातली रेघ आणि वहीतली ही रेघ मी शेजारी ठेवून पाहिल्या. पहिली रेघ सांगते की हा माणूस परदेशात लढला नाही. दुसरी सांगते की त्याने अकरा सायकलींचे तीन दिवसांचे उत्पन्न सोडले. स्मरणिकेतल्या माझ्या वीराला यांतली एकही रेघ नव्हती.

दुरुस्ती

या लेखाचा मसुदा मी सूनबाईंना वाचून दाखवला. त्यांचा मुलगा नाराज झाला. गावच्या चौकात आजोबांच्या नावाची पाटी लावण्याचा प्रस्ताव आहे आणि 'ब्रह्मदेशचा वीर' हे शब्द अर्जात गेलेले आहेत. तो म्हणाला, "काका, आता हे कशाला काढता? कोणाचं काय नुकसान होतं?" प्रश्न रास्त आहे. ज्यांच्या आजोबांच्या नावाने आधीच चौक आहेत, त्यांच्या चरित्रांची एवढी तपासणी कोणी केलेली नाही. मग तपासणी नेमकी इथूनच का सुरू व्हावी?

माझ्याजवळ याचे पूर्ण उत्तर नाही. एवढेच सांगू शकतो की खोटा पूल ठेवला तर घमेल्यातले पाणी आणि वहीतले पान त्याच्याआड जाते. लढाईत न गेलेला शिपाई पाटीला पुरत नाही, हे ठरवले कोणी? ते ठरवणाऱ्यांत १९९५चा मीही होतो.

सूनबाईंनी वाद मिटवला. त्या मुलाला म्हणाल्या, "अर्जात सायकलचं दुकान लिव्ह. ते समद्या गावानं पाह्यलं हाये."

तेव्हा १९९५च्या स्मरणिकेतील पान तीन ते सहा यांवरील मजकूर मी मागे घेतो. त्याऐवजी असे वाचावे: बापू १९४२ ते १९४६ महार रेजिमेंटच्या पंचविसाव्या पलटणीत शिपाई होते. त्यांनी देशातच सेवा केली. परत आल्यावर त्यांनी स्टेशनच्या रस्त्यावर तीन सायकलींनी दुकान सुरू केले. दुकानाचे पाणी त्यांच्या पत्नीने पाऊण मैलावरून वाहिले. १५ ते १७ ऑक्टोबर १९५६ या तीन दिवसांत दुकानातील सर्व सायकली चांद्याला गेल्या होत्या आणि त्यांचे भाडे घेतलेले नाही.